मुलाचं डोकं दुखतं तेव्हा डॉक्टर कारण कसं शोधतात

“आई, डोकं दुखतंय,” असं आमची नऊ वर्षांची मुलगी पहिल्यांदा म्हणाली ती गणिताच्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी. साहजिकच मी ते मनावर घेतलं नाही. पुढच्या तीन महिन्यांत तिचं डोकं पंधरा-सोळा वेळा दुखलं. सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. शेजारच्या काकूंनी पित्त सांगितलं. चष्म्याचा नंबर तपासला, तो निघालाच नाही. एका दवाखान्यात सायनसचा एक्स-रे काढला. शेवटी मीच हट्ट धरून सीटी स्कॅन करवून घेतला, तोही नॉर्मल.

त्यानंतर आम्ही ज्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो त्यांनी रिपोर्टांची पिशवी न उघडताच बाजूला ठेवली आणि थेट मुलीला विचारलं, “डोकं दुखायला लागलं की तू काय करतेस गं?” ती म्हणाली, “पडदे लावून झोपते. आणि दादाला टीव्ही बंद करायला सांगते.” अर्धं निदान तिथेच झालं.

मी डॉक्टर नाही. पण त्या फेऱ्यांमध्ये डॉक्टर नेमकं काय बघतात, कोणता प्रश्न कशासाठी विचारतात हे समजत गेलं. आपल्या मुलाचं डोकं नुकतंच दुखायला लागलेल्या आईबाबांसाठी ते क्रमाने लिहिते आहे.

वाट पाहायची नाही अशी वेळ

बाकी सगळं नंतर वाचा, हे आधी. ताप आहे आणि मान इतकी ताठ की हनुवटी छातीला टेकत नाही. मूल सारखं गुंगीत जातंय, बरळतंय किंवा झटका आला. डोक्याला मार लागला आणि मग उलट्या सुरू झाल्या. डोकं एकाएकी, कधी नव्हे इतकं भयंकर दुखायला लागलं. एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, जीभ अडखळतेय, एकाचे दोन दिसताहेत. अंगावर लाल-जांभळे ठिपके आलेत आणि काचेच्या पेल्याने दाबले तरी फिके होत नाहीत. यातलं एकही असेल तर थेट मोठं रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या न्हाणीघरांमुळे सांगावी लागते. खिडकी बंद, आत गॅस गिझर चालू, आणि अंघोळीला गेलेल्या मुलाचं डोकं दुखतंय, चक्कर येतेय, मळमळतंय. हा कार्बन मोनॉक्साइडचा प्रकार असू शकतो. त्या वायूला वास नसतो. मुलाला आधी मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा, मग दवाखाना. डॉक्टरांना गिझरचं आवर्जून सांगा, कारण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवून फसवतं.

पहिली पायरी: वही

डॉक्टरांकडे जायच्या आधी एक साधी वही करा. महिनाभराच्या नोंदी असल्या तर उत्तम, दोन आठवड्यांच्याही चालतील. मोबाइलमध्ये लिहिलं तरी हरकत नाही, पण वही बरी. ती आजीलाही भरता येते. आमच्या वहीतलं एक पान असं होतं:

“मंगळवार. शाळेतून आल्यावर सव्वाचारला सुरू. कपाळ, दोन्ही बाजू. ठणकतंय म्हणाली. डबा अर्धा परत. एक उलटी. पॅरासिटामॉल एकदा. अंधारात झोपली. सातला उठली, पोहे मागितले.”

एवढ्यात सगळं येतं: वार, वेळ, जागा, दुखण्याची तऱ्हा, किती वेळ टिकलं, सोबत काय झालं, कशाने थांबलं. झोप कमी झाली होती का, उन्हात खेळ झाला होता का, पाणी किती प्यायलं, हेही जमलं तर लिहा. मुलगी वयात आली असेल तर पाळीच्या तारखा टाका. औषधाचा हिशेब मात्र काटेकोर ठेवा. डोकेदुखीची साधी गोळी महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चालू राहिलं तर त्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं. काही मिश्र गोळ्यांच्या बाबतीत ही मर्यादा १० दिवसांचीच आहे. घरात बाम आणि गोळ्यांचा डबा हाताशी असतो, मूल मागतं, कोणीतरी देतं, आणि किती दिली याचा पत्ता कोणालाच नसतो.

दवाखान्यात जाताना जुने रिपोर्ट, मुलाची चालू असलेली सगळी औषधं (मुरुमांचीसुद्धा, व्हिटॅमिनचीसुद्धा) आणि लसीकरणाचं कार्ड बरोबर न्या. मुरुमांवरची डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं आणि व्हिटॅमिन ए चा अतिरेक, यांनी कवटीच्या आतला दाब वाढू शकतो. म्हणून तो प्रश्न येतोच.

दुसरी पायरी: प्रश्न, प्रश्न आणि प्रश्न

चांगला डॉक्टर इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवतो. पाच मिनिटांत हकिगत संपली आणि लगेच तपासण्यांची चिठ्ठी हातात आली तर मी तरी दुसरा दवाखाना बघेन.

पहिला प्रश्न असतो दुखण्याच्या चालीचा. आमच्या डॉक्टरांनी कागदावर चार रेघा काढून दाखवल्या. एक: आयुष्यात पहिल्यांदाच, एकदम जोरात. असं दुखणं बहुतेकदा तापाचं असतं. सर्दी-फ्लू, डेंग्यू, टायफॉइड, क्वचित मेंदूज्वर. दोन: येतं, जातं, पुन्हा येतं, आणि मधल्या दिवसांत मूल ठणठणीत. इथे अर्धशिशीची शंका पहिली. तीन: जवळजवळ रोज थोडंथोडं, पण महिनोन्‌महिने तेवढंच. हे बरेचदा ताणाचं, अपुऱ्या झोपेचं किंवा गोळ्यांच्या अतिरेकाचं. चार: दर आठवड्याला आधीपेक्षा जास्त, चढत जाणारी रेघ. डॉक्टर घाबरतात ते या चौथ्या रेघेला. तुमच्या मुलाची रेघ कोणती, एवढं जरी नीट सांगता आलं तरी डॉक्टरांचा रस्ता अर्ध्याने कमी होतो.

मग येतो तपशील. अर्धशिशी म्हटलं की आपल्याला अर्धं डोकं आठवतं, नावातच आहे ते. मुलांमध्ये मात्र अर्धशिशी बऱ्याचदा दोन्ही बाजूंना, कपाळावर आणि कानशिलांवर दुखते. मोठ्यांचा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो. मुलांमध्ये तो दोन तासांतही आटोपू शकतो, हे डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत मान्य केलेलं आहे. असे निदान पाच झटके झालेले असावेत. मळमळ-उलटी असावी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे व्हावेत. लहान मूल “मला उजेड सहन होत नाही” असं म्हणत नाही, ते पडदे लावतं. म्हणून त्याच्या वागण्यावरून ताडलेलंही निदानाला चालतं. आमच्या मुलीला विचारलेला पहिलाच प्रश्न तसा का होता, हे मला तेव्हा उमगलं. काही मुलांना दुखण्याआधी पाच मिनिटं ते तासभर डोळ्यांपुढे नागमोडी रेघा किंवा ठिपके चमकतात. मूल घाबरून सांगत नाही, त्यामुळे मुद्दाम विचारावं लागतं.

ताणाच्या डोकेदुखीची तऱ्हा वेगळी. डोक्याला फडकं आवळून बांधल्यासारखं, जड. पण मूल खेळायला जातं, जेवतं, उलटी होत नाही. ती अर्ध्या तासात थांबते किंवा आठवडाभरही रेंगाळते.

यानंतरचे प्रश्न मला आधी विचित्र वाटले. घाटात गाडी लागते का? लागते, पोलादपूर यायच्या आत पिशवी हातात. लहानपणी पोट वारंवार दुखायचं का? हो, जंतांचं औषध दोनदा दिलं होतं. तुमचं स्वतःचं डोकं दुखतं का? मी म्हटलं, “छे, मला फक्त पित्त होतं. महिन्यातून एकदा उठतं, मग अंधार करून पडते, उलटी झाली की मोकळी.” डॉक्टर हसले. माझी आईही जन्मभर त्याच ‘पित्ता’ने डोक्याला ओढणी आवळून झोपायची. तीन पिढ्यांची अर्धशिशी आमच्या घरी पित्ताच्या नावाने नांदत होती. अर्धशिशी घराण्यात चालते, आणि गाडी लागणं, लहानपणी पोटात कळा येऊन जाणं या तिच्याशी नातं असलेल्या गोष्टी. तेव्हा जायच्या आधी दोन्हीकडच्या आजी-आजोबांना विचारून घ्या, आणि विचारताना ‘अर्धशिशी’ शब्द वापरू नका. “पित्त होतं का, उन्हातून आलं की डोकं चढतं का,” असं विचारा.

मोठ्या मुलांशी डॉक्टर थोडा वेळ एकट्याने बोलतात. बाहेर बसायला सांगितलं तर राग मानू नका. शाळेत कोणी छळतं का, क्लासचं दडपण आहे का, रात्री मोबाइल किती वाजेपर्यंत, घरात भांडणं होतात का, हे मूल आईबाबांसमोर बोलत नाही. आणि ताणाचं दुखणं निघालं तरी ते दुखणंच असतं. “नाटक करतोय” हे वाक्य आमच्याही घरात बोललं गेलं होतं, त्याची मला आजही लाज वाटते.

लहान मुलांना शब्द सापडत नाहीत. त्यांना कागद आणि खडू द्या आणि “डोकं दुखतं तेव्हा कसं वाटतं ते काढ” असं सांगा. ही नुसती करमणूक नव्हे. अमेरिकेतले बालमेंदूतज्ज्ञ कार्ल स्टॅफस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली २२६ मुलांची अशी चित्रं तपासली. चित्र बघून ‘ही अर्धशिशी’ असं म्हटलेल्या मुलांपैकी सुमारे ८७ टक्क्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष तपासणीतही तेच निघालं. हातोडे, विजा, अंथरुणावर आडवं झालेलं मूल, उलटी, विझवलेला दिवा. चित्रात सगळं येतं.

एवढ्या प्रश्नांनी जीव घाबरला असेल तर एक जुना आकडा सांगते. स्वीडनच्या उप्साला शहरात बो बिले या डॉक्टरांनी सुमारे ९००० शाळकरी मुलांची पाहणी करून १९६२ साली ती प्रसिद्ध केली. सात वर्षांपर्यंतच्या ४० टक्के आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या ७५ टक्के मुलांचं डोकं कधी ना कधी दुखलेलं होतं.

तिसरी पायरी: अंगाला हात लावून तपासणी

वजन आणि उंची मोजतात. वाढ मध्येच थांबली असेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीकडे लक्ष जातं. अगदी लहान बाळाच्या डोक्याचा घेर मोजतात. रक्तदाब मुलाच्या दंडाला बसेल अशा लहान पट्ट्याने मोजायचा असतो. मोठ्या माणसाचा पट्टा वापरला तर आकडा खोटा येतो, तेव्हा “पट्टा लहान मुलांचाच आहे ना?” असं खुशाल विचारा. मुलांचाही रक्तदाब वाढतो, आणि त्यामागे बऱ्याचदा मूत्रपिंडाचं किंवा रक्तवाहिनीचं कारण असतं.

गाल आणि कपाळ दाबून बघतात, किडका दात शोधतात, जबड्याचा सांधा, मान. कातडीवर कॉफीच्या रंगाचे बरेच चट्टे आहेत का तेही पाहतात, कारण काही जन्मजात आजारांत कातडी आणि मेंदू दोन्हींवर खुणा असतात.

मग जो भाग येतो तो मुलांना खेळ वाटतो. एका रेषेवर टाचेला चवडा लावत चाल. एका पायावर लंगडी घाल. माझ्या बोटाला बोट लाव, मग स्वतःच्या नाकाला. डोकं न हलवता माझं पेन बघ. दात दाखव, जीभ काढ, डोळे गच्च मीट. आमची मुलगी खिदळत होती. मी मात्र श्वास रोखून बघत होते, कारण मेंदूचा तोल, स्नायूंची ताकद, डोळ्यांच्या नसा हे सगळं त्या लंगडीत तपासलं जात होतं.

शेवटी खोलीतला दिवा मालवून डॉक्टर एका छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्राने डोळ्याचा पडदा पाहतात. कवटीच्या आतला दाब वाढला असेल तर डोळ्याच्या मागची नस सुजलेली दिसते. मूल हलत असेल किंवा शंका असेल तर बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घेतात. ही तपासणी झाली नसेल तर विचारा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे.

चष्मा आणि सायनस यांच्याबद्दल दोन शब्द, कारण आमचे तीन महिने त्यांनीच खाल्ले. नंबर असलेल्या मुलाचं संध्याकाळी, बराच अभ्यास झाल्यावर, कपाळ दुखू शकतं; पण उलट्या होऊन अंधारात झोपवणारं दुखणं नंबराने होत नाही. आणि कपाळामागचं सायनस मुळात सहा-सात वर्षांच्या सुमारास एक्स-रेत दिसण्याइतकं तयार होतं. त्याआधी ‘कपाळाचं सायनस’ भरणार कुठून? अर्धशिशीत नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, आणि ती सायनस म्हणून वर्षानुवर्षं खपते.

चौथी पायरी: स्कॅन करायचा की नाही

सगळ्यात जास्त हट्ट इथे होतो, माझ्यासकट. वारंवार डोकं दुखणाऱ्या पण तपासणीत सगळं व्यवस्थित असलेल्या मुलाचा स्कॅन नेहमीचा म्हणून करू नये, असं अमेरिकेतल्या मेंदूतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ मध्येच लिहून ठेवलं आहे. ईईजीचंही, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखाचंही तेच.

मग कधी करतात? मूल दुखण्याने झोपेतून जागं होतं, सकाळी उठल्याउठल्या दुखतं आणि उलटी होते, तीही दिवसेंदिवस, खोकताना, वाकताना, संडासला जोर करताना दुखणं वाढतं, दुखणं चढत्या रेघेचं आहे, नव्याने तिरळेपणा आला, चालताना झोक जातो, अक्षर बिघडलं, हसरं मूल घुमं झालं, फार तहान लागते, मूल तीन-चार वर्षांच्या आतलं आहे, दरवेळी फक्त मानेवरच्या, मागच्या भागात दुखतं. एखाद्या खुणेने लगेच मेंदूत गाठच आहे असं होत नाही, अर्धशिशीही कधी झोपेतून उठवते. पण या खुणा डॉक्टरांना न विचारता सांगा. ब्रिटनमध्ये २०११ पासून ‘हेडस्मार्ट’ नावाची मोहीम चालवली गेली ती एवढ्याचसाठी, की आईबाबांनी आणि घरच्या डॉक्टरांनी या खुणा लवकर ओळखाव्यात.

निवड करता येत असेल तेव्हा एमआरआय बरा, त्यात क्ष-किरण नसतात. पण अर्धा-पाऊण तास निश्चल पडावं लागतं, आवाज भयंकर असतो, आणि लहान मुलांना त्यासाठी गुंगी द्यावी लागते. सीटी काही मिनिटांत होतो, म्हणून मार लागला असेल किंवा रक्तस्रावाची शंका असेल तेव्हा तोच करतात. त्यात किरणोत्सर्ग असतो, आणि आमच्या मुलीला तो मी विनाकारण दिला. शिवाय स्कॅनमध्ये कधी बिनकामाचं काहीतरी दिसतं, आणि त्याचाच घोर लागून राहतो.

आपल्या भागात दोन आजार डॉक्टरांच्या मनात नेहमी असतात. पहिला मेंदूचा टीबी: दोन-तीन आठवडे बारीक ताप, चिडचिड, भूक मेलेली, मग डोकेदुखी, उलट्या, गुंगी. घरात किंवा शेजारी कोणी टीबीचा रुग्ण आहे का हे विचारतात, छातीचा एक्स-रे काढतात आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासतात. त्या पाणी काढण्याला लोक फार घाबरतात, “पाय जातील” म्हणतात. सुई टोचते ती मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली. नकार देऊन वेळ घालवणं जास्त धोक्याचं असतं.

दुसरा, ज्याला लोक ‘मेंदूतला किडा’ म्हणतात तो. यात बहुधा आधी झटका येतो, कधी नुसती डोकेदुखी. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीत, हातांवर येतात आणि पोटात जातात, त्यामुळे पूर्ण शाकाहारी घरातही हा आजार होतो. बिचाऱ्या कोबीचा दोष एवढाच की ती नीट धुतली जात नाही.

कुठे जायचं

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करा, थेट मेंदूतज्ज्ञांपासून नव्हे. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतं, त्यांना गाठा. २०१३ मध्ये पालघरपासून सुरू झालेल्या या योजनेत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवतात. मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय १९२९ पासून फक्त मुलांसाठी चालतं.

निदान होईपर्यंत दुखणं सोसत बसायची गरज नाही. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किती द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि दुखायला लागल्यावर लवकर द्या. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. ताप असेल आणि डेंग्यूचे दिवस असतील तर आयबुप्रोफेनही नको.

पाचवी पायरी: दुसरी भेट

पहिल्या भेटीत नाव मिळेलच असं नाही. डॉक्टर चार-सहा आठवडे वही ठेवायला सांगतात. तपासणीत दिसणार नाही ते काळात दिसतं: रेघ चढते आहे की सपाट आहे. गेल्या तीन महिन्यांत शाळा किती दिवस बुडली, खेळ किती वेळा सुटला, असेही प्रश्न विचारतात. त्यावरून औषध रोज लागेल की दुखेल तेव्हापुरतं, ते ठरतं.

आमच्या सहा आठवड्यांच्या वहीत नऊ नोंदी होत्या. डॉक्टरांनी पेन्सिलीने सहा नोंदींखाली रेघ मारली. सहाही दिवशी डबा अर्धा परत आला होता. मी म्हटलं, “म्हणजे डब्यामुळे?” ते म्हणाले, “कारण अर्धशिशी. डबा निमित्त.” मग मुलीकडे वळून विचारलं, “काय गं, डबा का उरतो?”

स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम मधल्या सुट्टीत चालायची. हे ती घरी कधीच बोलली नव्हती, कारण कोणी विचारलं नव्हतं. बाईंना चिठ्ठी दिली, तालीम शाळा सुटल्यावर घ्यायला त्या लगेच तयार झाल्या. पुढच्या महिन्यात दोनच नोंदी झाल्या, त्यातली एक घाटातली.